भोंगा प्राधिकरणाची बरखास्ती

आपण राहतो ते घर स्वतःच्या हाताने सरकारी यादीत 'शिल्लक मालमत्ता' म्हणून लिहिणारा माणूस मूर्ख असतो, असं माझ्या बायकोचं मत आहे. हे मत तिने मला सांगितलं, शेजारच्या हेडमास्तरांना सांगितलं, समोरच्या शिंप्याला सांगितलं, आणि 'अगं, यांनी काय केलं ऐक' अशी सुरुवात करून फोनवर बहिणीला पाऊण तास सांगितलं. माझं म्हणणं एवढंच की मूर्ख हा शब्द फार ढोबळ आहे. मी नियमाने वागलो. नियमाने वागणाऱ्या माणसाला काय काय भोगावं लागतं ते कुठेतरी लिहून ठेवलेलं बरं, म्हणून हा खटाटोप.

मी नगर भोंगा प्राधिकरणाचा सचिव. हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. आमच्या गावात रोज सकाळी सहाला आणि संध्याकाळी सहाला भोंगा होतो. तो आपोआप होत नाही. त्यासाठी एक लोखंडी मनोरा आहे, मनोऱ्यावर भोंगा आहे, पायथ्याशी एका खोलीचं कार्यालय आहे, कार्यालयामागे सचिवाचं दोन खोल्यांचं निवासस्थान आहे, आणि या सगळ्यावर देखरेख करायला कायद्याने स्थापन झालेलं प्राधिकरण आहे. प्राधिकरणावर पूर्वी सात सभासद होते. काही वारले, काही दुसरीकडे राहायला गेले, आणि एक जण काही न सांगता यायचाच बंद झाला. उरलो मी. गेली एकोणीस वर्षं सचिव, कारकून, शिपाई आणि भोंगा वाजवणारा अशा चारही जागांचा भार मी एकट्याने वाहिला, असं मी अगदी परवापरवापर्यंत सगळ्यांना सांगत होतो.

मुख्य कार्यालयाचा आदेश आला तो साध्या टपालाने. निदान रजिस्टरने तरी पाठवायचा. 'नागरिकांकडे वेळ समजण्याची इतर साधने उपलब्ध झाल्याने सदर प्राधिकरण तीस दिवसांत बरखास्त करण्यात येत आहे.' मी वाक्य तीनदा वाचलं. इतर साधनं म्हणजे काय, तर खिशातले फोन. आता फोन वेळ दाखवतो हे मलाही मान्य आहे, पण वेळ दाखवणं आणि वेळ झाल्याचं गावाला ठणकावून सांगणं यात काही फरक आहे की नाही? असा प्रश्न विचारणारं पत्र मी लिहायलाही घेतलं होतं. तेवढ्यात आदेशाच्या दुसऱ्या परिच्छेदात माझी नेमणूक 'बरखास्ती अधिकारी' म्हणून झाल्याचं दिसलं. अधिकारी! एकोणीस वर्षांत मला कोणी अधिकारी म्हटलं नव्हतं. मी पत्र बाजूला ठेवलं आणि बायकोला हाक मारली.

"म्हणजे आपलंच दुकान आपणच बंद करायचं," ती म्हणाली.

"दुकान नव्हे, प्राधिकरण."

"बरं. आणि मग तुम्ही कुठे?"

त्याची सोय आदेशात होती. कलम चारप्रमाणे प्राधिकरणाच्या कर्मचाऱ्यांना इतर खात्यांत सामावून घ्यायचं होतं. कर्मचारी एकच, म्हणजे मी. मी म्हटलं, सोपं काम आधी उरकावं. पहिल्याच दिवशी अर्ज भरला, दुसऱ्या दिवशी बसने दीड तास जाऊन मुख्य कार्यालयात दिला, आणि आठवड्याच्या आत पाणी खात्यात तक्रार कक्षाचा प्रमुख म्हणून माझा सामावणूक आदेश हातात पडला. इतकं जलद काम त्या कार्यालयात कधी झालं नव्हतं, असं तिथल्या बाईंनी स्वतः सांगितलं. या बाई जाड चष्मा लावतात आणि आलेल्या प्रत्येक कागदाकडे तो चुकीच्या दारातून आत आल्यासारखं बघतात. त्यांच्याकडून कौतुक म्हणजे मोठी गोष्ट. त्या आनंदात मी प्राधिकरणाचा शिक्काही तिथेच जमा करून टाकला. शिक्का हीसुद्धा मालमत्ताच, म्हटलं एक वस्तू कमी झाली.

शिक्का जमा केल्यावर उरलेल्या प्रत्येक कागदावर शिक्का लागतो, हे मला नंतर कळलं. शिक्का परत मिळावा म्हणून मी अर्ज केला. अर्जावर शिक्का नाही म्हणून बाईंनी तो परत केला. शेवटी असं ठरलं की शिक्का त्यांच्या खणात राहील आणि कागद मी तिकडे न्यायचे. तेव्हापासून बसचा वाहक मला ओळखायला लागला. 'आज काय, साहेब, काय ठोकायचंय?' असं तो भर बसमध्ये विचारायचा.

कलम सहाप्रमाणे 'सर्व' मालमत्तेची यादी करायची होती आणि सर्व या शब्दाखाली रेघ होती. आता तुम्हीच सांगा, ज्या शब्दाखाली वरच्या कार्यालयाने रेघ मारली आहे त्या शब्दाचा अर्थ बरखास्ती अधिकाऱ्याने काय घ्यायचा? मी सर्व म्हणजे सर्व घेतला. टेबल एक. खुर्च्या चार, पैकी एक तीन पायांची. लोखंडी कपाट एक, किल्लीशिवाय. बावीस फुटी शिडी एक. भिंतीवरचं घड्याळ, रबरी चटई, पत्र्याचे कर्णे दोन, सुटी मोटर, मनोरा, भोंगा. आणि अकरा नंबरला, सुवाच्य अक्षरात, 'सचिव निवासस्थान, दोन खोल्या, स्वयंपाकघरासह.'

यादी करताना हेडमास्तर येऊन बसले होते. ते शाळेतून निवृत्त झाले असले तरी कुठलाही कागद दिसला की खिशातून लाल पेन काढतात. ते म्हणाले, "घर लिहिताय ते ठीक, पण 'मोडकळीस आलेले' असं लिहा. म्हणजे कोणी मागणार नाही."

"पण ते मोडकळीला आलेलं नाही."

"मग निदान भिंतीला ओल आहे असं लिहा. ओल कुणाच्या भिंतीला नसते?"

ओल खरोखरच होती, न्हाणीघराच्या कोपऱ्यात. मी लिहिली. समोरचा शिंपी संध्याकाळी येऊन म्हणाला की मापात दोन-दोन इंच राखून ठेवा, नंतर उसवायला बरं पडतं. घर उसवायचं म्हणजे काय हे मी त्याला विचारलं नाही. हे दोघंही आपापल्या मालकीच्या घरात राहतात आणि दुसऱ्याच्या घराबद्दल सल्ला द्यायला त्यांना भरपूर सवड आहे, एवढंच मी मनात नोंदवून ठेवलं.

यादी सगळ्या खात्यांना गेली. टेबल शाळेने तीन दिवसांत उचललं, त्यामुळे पुढचा सगळा पत्रव्यवहार मला इस्त्रीच्या टेबलावर उभ्याने करावा लागला. खुर्च्या कोणी घेईना, कारण तीन पायांची खुर्ची वगळून नेता येत नव्हती, चारी एका नोंदीत होत्या. शिडी अग्निशमन दलाने मागितली. त्यांचे पाच गडी आले, शिडी गाडीवर चढवली, आणि बावीस फुटी शिडी अठरा फुटी गाडीवर लादून आमच्या गल्लीच्या वळणावरून निघाले. शिडीच्या मागच्या टोकाने शिंप्याच्या दुकानाची पाटी, पाटीखालचा दिवा आणि बाहेर टांगलेला एका गिऱ्हाईकाचा कोट असं सगळं एका फेरीत खाली आणलं. शिडी ज्याची, जबाबदारी त्याची, असं अग्निशमन दलाचं म्हणणं. शिडी गाडीवर चढली तेव्हाच ती तुमची झाली, असं माझं म्हणणं. पोच-पावतीवर सही व्हायची बाकी होती, हा शिंप्याचा मुद्दा. तो इतका बरोबर होता की मला त्याचा फार राग आला. शिडी परत आमच्या अंगणात आली आणि कोट मी रफू करून दिला. म्हणजे शिंप्यानेच केला, पण माझ्या वतीने.

भोंग्याला तर कोणी हातही लावला नाही. त्याच्यापुढे मुख्य कार्यालयातून 'मोडीत काढावा' असा शेरा आला. एकोणीस वर्षं ज्याच्या आवाजावर गाव उठलं-बसलं त्याच्यापुढे एवढे दोन शब्द. मी त्या दिवशी जेवलो नाही. नंतर थोडं जेवलो.

फक्त एका वस्तूवर उड्या पडल्या. अकरा नंबर. दहा वस्तूंसाठी मी खात्यांचे उंबरे झिजवत होतो, आणि घरासाठी तीन खाती एकाच सकाळी फीत घेऊन दारात हजर. बायको स्वयंपाक करत होती. तिच्या आणि शेगडीच्या मधून फीत ताणून एक माणूस म्हणाला, "ताई, जरा सरकता का? ओटा आमच्या मापात येतोय."

ती सरकली नाही. त्याने ओट्याच्या मापातून तिची जागा वजा केली.

तेव्हाच तिला अकरा नंबरबद्दल कळलं. मी सांगणार होतो, पण योग्य वेळ मिळत नव्हती. ती हातात उलथनं घेऊन बाहेर आली आणि म्हणाली, "अहो, आपलं घर यादीत आहे?"

"आपलं नाही ते. प्राधिकरणाचं आहे."

"आणि आपण राहायचं कुठे?"

मी आदेश काढून तिला कलम नऊ दाखवलं. त्यात माणुसकीची तरतूद होती: 'प्राधिकरणाचा कोणताही कर्मचारी इतर खात्यात सामावला जात नाही तोपर्यंत तो राहत असलेले निवासस्थान काढून घेता येणार नाही.' तिने ते वाचलं. मग माझ्याकडे बघितलं. मग परत वाचलं.

"तुम्ही तर पहिल्याच आठवड्यात सामावलात."

"हो."

"धावत जाऊन."

"बसने," मी म्हणालो.

सामावणूक रद्द होते का हे विचारायला मी पुन्हा दीड तास बसमध्ये बसलो. चष्म्याच्या बाईंनी सांगितलं की सामावणुकीची तरतूद आहे, उलट सामावणुकीची नाही. परत आलो तर घर पाणी खात्याला मंजूर झाल्याचं पत्र आलेलं. यादीतली ओल वाचून त्यांना ते आपल्या विषयातलं वाटलं असावं. तिथे ते तक्रार कक्ष हलवणार होते. तक्रार कक्ष म्हणजे मी. माझं नवं टेबल आमच्या स्वयंपाकघरात, खिडकीपाशी, जिथे गेली एकोणीस वर्षं बायको उभी राहत होती तिथे लागणार होतं. म्हणजे मी रोज सकाळी दहाला माझ्या घरी यायचं आणि पाचला माझ्या घरातून बाहेर पडून कुठेतरी राहायला जायचं. हे ऐकून हेडमास्तर म्हणाले, जाण्यायेण्याचा त्रास वाचेल. मी त्यांच्याशी दोन दिवस बोललो नाही.

कुठेतरी म्हणजे कुठे, हे आमचं आम्हाला ठाऊक नव्हतं. दुसरं घर आम्हाला नाही. गावात रिकाम्या खोल्या होत्या त्या आम्ही पाहून आलो. एकीला खिडकी नव्हती आणि दुसरीत घरमालक स्वतः राहत होते व राहणार होते. बायको दोन्ही ठिकाणी काही बोलली नाही. ती बोलत नाही तेव्हा मला फार बोलावंसं वाटतं, त्यामुळे परतीच्या वाटेवर सगळ्या खात्यांना मी जे काही म्हणालो ते इथे लिहिण्यासारखं नाही.

पण नियम तो नियम. राहणाऱ्याला आधी नोटीस द्यावी लागते. सचिव या नात्याने मी निवासस्थानात राहणाऱ्या इसमाला, म्हणजे मला, पंधरा दिवसांत घर रिकामं करण्याची नोटीस दिली. राहणारा इसम या नात्याने मी मुदतवाढ मागितली आणि कारणं सविस्तर दिली, पत्र चांगलं झालं होतं. सचिव या नात्याने मी ते वाचलं, आणि तरतुदीअभावी मुदतवाढ नामंजूर केली.

"तुम्ही स्वतःच स्वतःला नाही म्हणालात?" बायकोने विचारलं.

"तरतूद नाही गं."

ती आत गेली आणि दार लावून घेतलं. मला वाटलं रडत असेल. ती लिहीत होती.

दुसऱ्या दिवशी साडेदहाला कार्यालयाच्या खिडकीवर टकटक झाली. खिडकीबाहेर बायको उभी. घरातून कार्यालयात यायला आतून दार आहे, पण ती बाहेरून वळसा घालून, चांगली साडी नेसून, अर्जदारांच्या खिडकीशी आली होती.

"हा अर्ज घ्या आणि पोच द्या," ती म्हणाली.

"अगं, हे काय?"

"कार्यालयात अगं म्हणू नका."

अर्ज एका पानाचा होता. लग्नाआधी ती शाळेत शिकवायची, त्यामुळे अक्षर माझ्यापेक्षा बरं आहे. लिहिलं होतं: 'अर्जदार गेली एकोणीस वर्षे रोज सकाळी सहा वाजता प्राधिकरणाचा भोंगा वाजवीत आहे. प्राधिकरणाचे काम करणारी ती कर्मचारी ठरते. तिला अद्याप कोणत्याही खात्यात सामावून घेतलेले नाही. अर्जदारास पगार नको. कलम नऊप्रमाणे तिचे निवासस्थान काढून घेऊ नये.'

 गोष्ट खरी होती. मी सकाळचा माणूस नाही. सचिव झालो त्या पहिल्या आठवड्यात दोन-तीनदा पहाटे उठलो असेन. मग एकदा ताप आला, तेव्हा तिने वाजवला, आणि तो ताप, कसं सांगू, उतरलाच नाही. ती तशीही लवकर उठते. डोक्यावर चाळीस फुटांवर भोंगा ओरडत असताना मी झोपलेला असायचो. सवय झाली होती. पण नोंदवहीत 'वाजवणाऱ्याची सही' असा रकाना आहे, आणि त्यात एकोणीस वर्षं, एकही दिवस न चुकता, माझी सही. सकाळची आणि संध्याकाळची अशा दोन्ही सह्या मी साडेदहालाच उरकायचो, कारण संध्याकाळी कार्यालय बंद असतं.

"नोंदवहीत माझी सही आहे," मी खिडकीतून हळूच म्हणालो.

"सही तुमचीच आहे. हात कोणाचा होता तेवढं लिहा."

अर्जावर सचिवाचा अभिप्राय लागतो. 'अर्जदाराचे म्हणणे खरे आहे' असं लिहिलं तर घर राहत होतं. पण तेच लिहिलं तर मी, ज्याने लोकांचे अर्ज तारखेखाली रेघ नाही म्हणून परत पाठवले, त्याने एकोणीस वर्षं रोज खोटी सही केली हे माझ्याच अक्षरात सिद्ध होत होतं. पाणी खात्याची जागा जाऊ शकत होती. आणि गाव? गावात मला भोंगेवाले साहेब म्हणतात. शिंप्याच्या दुकानात मला बसायला स्टूल पुसून देतात.

मी एक पळवाट काढली. पुरावा नाही, असा अभिप्राय द्यायचा, पण त्याआधी साक्षीदारांची चौकशी करायची, म्हणजे सगळं नियमात. हेडमास्तरांना आणि शिंप्याला बोलावलं. तीन पायांच्या खुर्चीवर शिंपी बसला, तो हलका आहे. मी विचारलं, "सकाळचा भोंगा कोण वाजवतं याबद्दल आपल्याला काही प्रत्यक्ष माहिती आहे का?"

दोघांनी एकमेकांकडे बघितलं.

"वहिनी," शिंपी म्हणाला.

"हे तुम्ही कशावरून म्हणता?"

"कशावरून काय, साहेब? सकाळचा स्वच्छ येतो. संध्याकाळचा आधी खाकरतो. मोटर गरम व्हायच्या आत तुम्ही दांडा एकदम खाली ओढता ना, म्हणून."

हेडमास्तर म्हणाले, "आमच्या घरात तर सकाळी म्हणतात भोंगा झाला, आणि संध्याकाळी म्हणतात साहेबांचा झाला. अहो, सगळ्या गावाला माहीत आहे. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून कोणी बोलत नाही."

एकोणीस वर्षं! एकोणीस वर्षं हे लोक मला स्टूल पुसून देत होते आणि मनात मोटर खाकरल्याचं मोजत होते. मी चौकशी तहकूब केली. मला सगळ्यांचा राग आला, गावाचा, शिंप्याच्या कानांचा, आणि विशेष करून त्या मोटरचा.

रागाच्या भरात मी ठरवलं की उद्या सकाळी उठून प्रत्यक्ष पाहणी करायची. उठलो. फार वाईट वाटतं त्या वेळी उठताना, ते एक असो. दाराच्या आडून बघत होतो. ती मागच्या दाराने मनोऱ्याखालच्या दांड्यापाशी आली, ओले हात पदराला पुसले, मग बोटं सुटी करून पुन्हा पुसली, विजेचं काम म्हणून. रबरी चटईवर दोन्ही पाय नीट ठेवले. दांडा अर्धाच खाली घेतला आणि थांबली. ओठ हलत होते, चारपर्यंत मोजत असावी. मोटर गुरगुरायची थांबून एकसारखी फिरू लागली तेव्हा तिने दांडा पूर्ण खाली ओढला, आणि वरून जो आवाज निघाला तो मी त्या मनोऱ्याखाली राहून कधी नीट ऐकला नव्हता. ती साठपर्यंत मोजत उभी होती आणि फाटकातून रस्त्याकडे बघत होती. पावाच्या भट्टीचा दरवाजा वर गेला. कोपऱ्यावरच्या घरातली नर्स रात्रपाळी संपवून येत होती, तिने हात वर केला. बायकोने मोकळा हात वर केला. शाळेच्या बसचा ड्रायव्हर भोंगा संपेपर्यंत दार उघडून थांबला आणि मग निघाला. साठ झाले, तिने दांडा सोडला, चटई पायाने सरळ केली आणि आत जायला वळली, तर दारात मी.

"उठलात?" ती म्हणाली. "बरं वाटत नाही का?"

 मला लाज वाटत होती. रोज सकाळी सहाला एवढं सगळं माझ्या दारात घडत होतं, त्यात माझी फक्त सही होती, आणि ती सहीसुद्धा साडेदहाची.

त्या दिवशी इस्त्रीच्या टेबलावर उभं राहून मी अभिप्राय लिहिला. 'अर्जदाराचे म्हणणे खरे आहे. एकोणीस वर्षे सकाळचा भोंगा अर्जदाराने वाजवला. त्यासमोरील सर्व सह्या अधोस्वाक्षरीकाराने न वाजवता केल्या आहेत. संध्याकाळचा भोंगा अधोस्वाक्षरीकार वाजवत असे, परंतु सह्या आधीच करीत असे.' हे शेवटचं लिहायची गरज नव्हती, पण एकदा लिहायला लागलो तसं राहवेना. मग तो कागद आणि एकोणीस नोंदवह्या घेऊन मी बस पकडली. नोंदवह्यांना सीट लागली, वाहकाने त्यांना तिकीट मागितलं, आणि आमचं त्यावरून वाजलं, ते वेगळं.

चष्म्याच्या बाईंनी अभिप्राय वाचला. चष्मा काढून पुसला, पुन्हा वाचला.

"हे तुम्ही स्वतःविरुद्ध लिहिलंय."

"हो."

"कोणी लिहायला लावलं का?"

"नाही."

 त्यांनी खण उघडून शिक्का काढला आणि म्हणाल्या, "दोन प्रती लागतील." दुसरी प्रत मी त्यांच्या टेबलाच्या कडेला बसून उतरवून काढली. उतरवताना पहिल्यापेक्षा जास्त त्रास झाला.

निकाल तिसाव्या दिवशी आला, या वेळी रजिस्टरने. प्राधिकरण बरखास्त झालं. मला खोट्या सह्यांबद्दल सक्त ताकीद देण्यात आली आणि ती माझ्या सेवापुस्तकात चिकटवण्यात आली. पाणी खात्यात मला ठेवलं, पण कक्षाचा प्रमुख म्हणून नाही, कक्षात. कक्ष जुन्याच जागी, टाकीच्या खाली. अर्जदार महिला कर्मचारी असल्याचं मान्य झालं. तिला योग्य त्या जागेवर सामावून घेण्यासाठी सगळ्या खात्यांत भोंगा वाजवणाऱ्याच्या रिक्त पदाचा शोध घेण्यात यावा, आणि असं पद मिळेपर्यंत निवासस्थान, मनोरा व भोंगा कर्मचाऱ्याच्या ताब्यात राहतील. भोंग्यापुढचा 'मोडीत काढावा' हा शेरा खोडलेला होता. असं पद कुठल्याही खात्यात नाही. मी सगळ्या खात्यांत फिरलोय, मला विचारा.

हेडमास्तर म्हणाले, वा, सुटलात. सुटलो काय? सेवापुस्तकात ताकीद, हुद्दा गेला, आणि गल्लीतला प्रत्येक जण येऊन बायकोचं अभिनंदन करून जातोय. शिंप्याने तर स्टूल पुसून तिला दिलं.

निकालासोबत एक फॉर्म होता, निवासस्थानात राहणाऱ्यांचा. तो कर्मचाऱ्याने भरायचा असतो. ती इस्त्रीच्या टेबलाशी उभी राहून भरत होती. कर्मचाऱ्याचं नाव, तिने आपलं लिहिलं. सोबत राहणारी व्यक्ती, माझं. नातं, पती. पुढचा रकाना होता: 'सदर व्यक्ती कर्मचाऱ्यावर अवलंबून आहे काय?'

पेन थांबलं. "काय लिहू?" तिने विचारलं.

मी त्या फॉर्मवर चिडलो. असल्या प्रश्नाला फक्त हो किंवा नाही एवढीच जागा ठेवणाऱ्या माणसाला काही कळतं की नाही, मला पगार आहे, हुद्दा नसला तरी खुर्ची आहे, मी कोणावर अवलंबून नाही, असं बरंच काही मी बोललो. ती पेन धरून उभी होती. तिला घाई नव्हती.

"हो लिही," मी म्हणालो.

तिने लिहिलं आणि फॉर्म माझ्याकडे सरकवला. खाली सोबत राहणाऱ्याच्या सहीला जागा होती. मी कागद आधी वाचला, उलटून मागची बाजूही वाचली, आणि मग सही केली.